निवासस्थानी महालक्ष्म्या

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घरात आता कोणीही राहत नाही, सबब त्या घरास 'निवासस्थान' असे नाव देण्यात आले आहे. पाहण्याची वेळ सकाळी दहा ते सायंकाळी पाच. सोमवारी बंद. पादत्राणे बाहेर काढावीत, भिंतीस हात लावू नये, थुंकू नये. ज्यांचा जन्म या घरात झाला, ज्यांची वरात या दारात आली, त्यांनीही याच वेळात यावे.

पहिलं आणि शेवटचं वाक्य माझं आहे. बाकी सगळं पाटीवर आहे, आणि पाटी निळ्या रंगाची आहे. चिखलीहून अमडापूरच्या बाजाराला जाताना एक फाटा लागतो. त्या फाट्यानं आत गेलं की आमचं गाव, आणि गावात शिरताच ती पाटी. आम्ही भाजीपाल्यातली माणसं. वांगी, कांदा, मिरची, विहिरीला पाणी असलं तर कोबी. आमच्या घराला कधी पाटी लागेल असं आमच्या कुळात कोणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

निवासस्थान कोणाचं, असं तुम्ही विचाराल. ते देशाचे मोठे पुढारी होते, दिल्लीला गेले, तिथंच वारले. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही उठून उभे राहाल, आणि मला ही गोष्ट बसलेल्या माणसांना सांगायची आहे.

बेचाळीसच्या धामधुमीत त्यांच्यावर वॉरंट निघालं. खामगावच्या एका वकिलानं त्यांना बैलगाडीत, वांग्यांच्या टोपल्यांमागे बसवून आमच्याकडे पोचवलं. माझा मोठा भाऊ, दादा, तेव्हा तरुण होता आणि खादी घालायचा. त्याच्या खादीवर भरवसा ठेवून तो पाहुणा आमच्या माजघरात उतरला आणि पावसाळाभर राहिला. मी त्या वेळी खामगावला शाळेत होतो. त्यामुळे मी जे सांगतो आहे ते वहिनीकडून ऐकलेलं आहे. वहिनी म्हणजे दादाची बायको. तेव्हा नवी नवरी होती, सासूच्या, म्हणजे आमच्या आईच्या, हाताखाली भाकरी थापत होती. तिच्या सांगण्यावरून पाहुणा स्वभावानं गरीब होता, ठेचा तिखट लागतो म्हणून कुरकुरायचा आणि रिकामा बसवत नाही म्हणून तिला लसूण सोलून द्यायचा. देशाच्या पुढाऱ्यानं सोललेल्या लसणाची फोडणी आमच्या घरानं पावसाळाभर खाल्ली. निवासस्थानात आज त्या लसणाचा कुठं उल्लेख नाही. चरखा मात्र आहे. तो बुलढाण्याच्या एका शाळेच्या अडगळीतून आणला.

आता महालक्ष्म्यांकडे येतो, कारण सगळं घोडं तिथं अडलं.

आमच्याकडे भादव्यात महालक्ष्म्या येतात, तीन दिवस. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांचे मुखवटे दारातून आत आणायचे, उंबऱ्यापासून कुंकवाची पावलं काढत. आणि सरळ जागेवर न्यायचं नाही. आधी सगळं घर दाखवायचं. एकीनं मुखवटा हातात धरून चालायचं, दुसरीनं प्रत्येक दारात विचारायचं, इथं काय आहे, आणि पहिलीनं सांगायचं, इथं धान्य आहे, इथं दूधदुभतं आहे, इथं उदंड आहे. मग माजघरात मागच्या भिंतीपासून हातभर पुढे, ठरलेल्या जागी त्यांना उभं करायचं. दुसऱ्या दिवशी जेवण, सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील. तिसऱ्या दिवशी पाठवणी. ती जागा पणजीनं की तिच्याही सासूनं ठरवलेली. बदलायची झाली तर एकच रीत. आहे त्या जागी त्यांना एकदा उभं करायचं, जेवू घालायचं आणि मग विचारायचं, बायांनो, पुढल्या वर्षी दुसऱ्या घरी याल का? उजव्या खांद्यावरचं फूल पडलं की होकार. न विचारता, जेवू न घालता त्यांना हलवायचं नाही. घरी आलेल्या बाईला ताटावरून उठवण्यासारखं आहे ते.

बेचाळीसच्या भादव्यात महालक्ष्म्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी, ऐन जेवणाच्या वेळी, पोलीस आले. एक हवालदार आणि मागे शिपाई. दारातून पळायला वाट नव्हती. वहिनीनं पाहुण्याच्या दंडाला धरलं आणि त्याला महालक्ष्म्यांच्या मागे, पडद्याला लावलेल्या लुगड्याआड, कणगीला चिकटवून बसवलं. परक्या पुरुषाच्या दंडाला तिनं आयुष्यात तेवढाच एकदा हात लावला. हवालदार उंबऱ्यात आला तो समोर महालक्ष्म्या, समयी, वर टांगलेला फुलोरा. त्याचीही बायको घरी हेच करत असणार. त्यानं बूट काढले, पट्टा काढला, हात जोडले. तेवढ्यात उदाच्या धुरानं पाहुण्याला शिंक आली. वहिनीनं समोरची घंटी उचलली आणि अशी काही वाजवली की सासूबाईंनी घाबरून आरतीच सुरू केली. हवालदारानं आरती म्हटली. पान वाढलं तर जेवला. पोळीवर तूप घेतलं आणि गेला. पाहुणा वाचला, पुढे देशाला उपयोगी पडला.

दादा त्या वेळी नेमका कुठं होता, हे वहिनीनं या गोष्टीत कधी सांगितलं नाही आणि आम्ही कोणी विचारलं नाही.

ही गोष्ट वहिनी दर वर्षी फुलोऱ्याच्या करंज्या तळताना सांगायची. बायका हसायच्या, घंटीशी आली की एखादी उठून घंटी वाजवून दाखवायची. आमच्या घरी ती गोष्ट महालक्ष्म्यांच्या सामानातच धरलेली होती, मुखवट्यांबरोबर निघायची आणि मुखवट्यांबरोबर पेटीत जायची. पेटीबाहेर, बैठकीत, दादाची गोष्ट वेगळी होती. तिच्यात पोलिसांनी घराला वेढा घातला, नेते परसातल्या भिंतीवरून वाघासारखे उडी मारून पसार झाले आणि भिंतीला शिडी लावून धरणारा तरुण होता आमचा दादा. मी त्याला एकदा म्हटलं होतं, दादा, परसात भिंत कुठं होती, बोरीचं कुंपण होतं, तेही गुडघाभर. तो म्हणाला, देशाचा पुढारी बाईच्या लुगड्यामागे लपला हे बरं दिसतं का? मला त्यात वाईट दिसण्यासारखं काही दिसलं नाही, पण मी चिखलीला बियाणं विकतो, देशाचं मला काय कळणार.

महाराष्ट्र होऊन काही वर्षं झाली होती तेव्हा पुढारी वारले. शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. दादा खादीचा कोट घालून बोलायला उभा राहिला. आधी वेढा झाला, मग शिडी झाली. लोकांचे डोळे भरून आले. भरलेले डोळे पाहून दादाचाही ऊर भरून आला, आणि ज्या घरानं अशा थोर माणसाला आसरा दिला ते घर आजपासून माझं नाही, देशाचं आहे, असं तो बोलून गेला. टाळ्या अशा पडल्या की मागे लिंबावरचे कावळे उडाले. मी पुढे बसलो होतो, मीही टाळ्या वाजवल्या. वहिनी मागे बायकांत होती. शेजारीण तिला म्हणाली, "काऊन वो, मंग तुमी कुठी राहान आता?"

वहिनी म्हणाली, "मलेबी आताच समजलं."

त्यानंतर समिती झाली. समितीला एक अध्यक्ष मिळाले, बुलढाण्यात ऊठबस असलेले, आमच्याच गावचे बडे शेतकरी. दादाला पहिल्या रांगेत कायमची खुर्ची मिळाली. दादा-वहिनी मळ्यातल्या टिनाच्या शेडमध्ये राहायला गेले. वहिनीनं जाताना कुरकुर केली नाही. तिची सासू वारली होती, पोरी नांदायला गेल्या होत्या, दोन माणसांना लागतं किती, असं ती मला म्हणाली. इकडे समितीनं घराचं निवासस्थान करायला घेतलं. जात्याची जागा मोकळी केली, धान्याच्या खोलीत फोटो लावले, गोठ्यात कचेरी मांडली, चुलीपुढे दोरी बांधली. मागच्या बाजूला बोरीचं कुंपण काढून पुरुषभर उंच दगडी भिंत बांधली, कारण पाहायला येणारे लोक विचारत, उडी कुठून मारली? आणि माजघरात, मागच्या भिंतीपासून हातभर पुढे, एक पलंग ठेवला. नेते यावर झोपत. नेते घोंगडीवर झोपत, आणि तेही पडवीत, पण पलंग अमडापूरच्या बाजारातून नवा आणला होता, कुठं तरी ठेवायलाच हवा होता.

भादवा आला तेव्हा वहिनीनं दादाला समितीकडे पाठवलं. मागणं एवढंच होतं. तीन दिवस पलंग बाजूला करू द्या. एकदा महालक्ष्म्या उभ्या करतो, जेवू घालतो, विचारतो आणि मळ्यात घेऊन जातो. परत तुमच्या दारात येत नाही. दादा गेला आणि चहा पिऊन परत आला. अध्यक्षांनी समजावून सांगितलं होतं की ही आता राष्ट्राची वास्तू आहे, तिथं एकाच्या घरचा कुळाचार करू दिला तर उद्या कोणी काहीही करू म्हणेल. दादाला ते पटलं होतं. पटवून घेण्यात दादाचा हात धरणारा माणूस आमच्या तालुक्यात नाही. त्या वर्षी मुखवटे पेटीत राहिले. वहिनीनं तीन दिवस सणाचं काही केलं नाही, पिठलं-भाकरी केली. दादाला वाढली, आपण खाल्ली नाही.

पुढच्या वर्षी पोळा झाल्यावर तिनं मला चिखलीहून बोलावून घेतलं. मला वाटलं, पुन्हा अध्यक्षांकडे जा म्हणेल. ती म्हणाली, "भाऊजी, पाह्यणारे जातेत नं तिथं? मंग आपुनबी पाहाले जाऊ."

तिचं म्हणणं ध्यानात आलं आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. बेत सगळा तिचा होता. माझ्याकडे एकच काम दिलं होतं, चौकीदाराचं. निवासस्थानाचा चौकीदार गावचाच, माझा जुना सवंगडी. गॅसबत्तीच्या उजेडात आमच्या गावची नाटकं व्हायची तेव्हा तो राजा असायचा आणि मी राणी. (त्या वेळी मला कंबर होती.) राजेपण गेलं, आवाज राहिला. आलेल्या पाहुण्यांना तो घर दाखवायचा ते असं की वाटावं, पलंगावर खुद्द औरंगजेब निजला आहे. मी आदल्या दिवशी त्याला गाठून विषय काढला, तर त्यानं हात वर केला. "मले काई सांगू नको बे. मले ठाऊक असलं तं मले अडवा लागीन."

महालक्ष्म्या यायच्या दिवशी दुपार कलल्यावर मी खांद्यावर उपरणं टाकून निवासस्थानी दाखल झालो आणि जाहीर केलं की, मी परगावचा अभ्यासू पाहुणा असून मला ही वास्तू पहिल्यापासून, काहीही न गाळता, समजावून घ्यायची आहे. चौकीदारानं घसा साफ केला. तेवढ्यात बायका आल्या. वहिनी धरून पाच-सात जणी असतील. दोघींच्या डोक्यावर तांब्याच्या घागरी, विहिरीवरून येताना असतात तशा. फक्त त्यांत पाण्याऐवजी एकीत गहू होते, एकीत तांदूळ. एकीच्या पाटीत भाजी होती आणि भाजीखाली घंटी, समयी, दोन लुगडी. शेजारीण पन्नाशीची, तिला नातवंडं आहेत, पण त्या दिवशी ती सातव्या महिन्यातल्या बाईसारखी पोटाला हात लावून चालत होती. पदराखाली दोन्ही मुखवटे होते. चौकीदारानं त्या पोटाकडे एकदा पाहिलं, मग पाऊस येतो का ते पाहिलं, मग माझ्याकडे वळून म्हणाला, या बाजूनं या.

आणि मग त्या घरात एकाच वेळी दोन फेऱ्या सुरू झाल्या. पुढे आम्ही दोघं, मागे एक खोली सोडून बायका. चौकीदार गरजला, या कोठारात नेत्यांची दुर्मिळ छायाचित्रं आहेत. आम्ही पुढे सरकलो की मागून बारीक आवाज यायचा, "काय आलं?" "लक्ष्मी आली." "इथं काय हाय?" "ज्वारी हाय." ज्वारी नव्हती. फोटो होते. चौकीदार म्हणाला, या चुलीवरचं साधं अन्न त्यांनी ग्रहण केलं. मागून आलं, "इथं काय हाय?" "दूध हाय, तूप हाय." तिथं दोरी होती आणि थंड चूल होती. गोठ्याच्या दारातून समितीचं टेबल दिसत होतं. चौकीदार म्हणाला, हे कार्यालय. मागून म्हणाल्या, "गाई हाय, वासरं हाय, उदंड हाय." विचारणारी शेजारीण होती. सांगणारी वहिनी होती, दोन्ही मुखवटे उराशी धरून, खाली वाकून पावलं काढणाऱ्या बाईमागे हळूहळू चालत. तिचा आवाज एकदाही हलला नाही. मी हसत आत गेलो होतो. गोठ्यापाशी पोचेपर्यंत माझं हसू कुठं सांडलं ते मला कळलं नाही. चौकीदाराचं काय झालं माहीत नाही. तो परसातल्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं ती उडी इतकी लांबवली, इतकी लांबवली, की माजघरात पलंग सरकल्याचा आवाज झाला तेव्हा पुढारी अजून हवेतच होते.

समयी लागली. घागरींवर मुखवटे बसले, लुगडी नेसवून झाली. जागा तीच, मागच्या भिंतीपासून हातभर. वहिनी समोर बसली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिला पाठ टेकून बसलेली पाहिली. आता एवढी रात्र आणि उद्याची दुपार निघाली की झालं. उद्या सोमवार, म्हणजे बंद. चौकीदार पाचला कुलूप लावणार आणि परवा दहाला उघडणार, मधल्या वेळेत आत कोण आहे हे पाहणं त्याच्या कामात बसत नव्हतं. सोळा भाज्या मळ्यात चिरून तयार होत्या.

तेवढ्यात फाटकापाशी जीप थांबली.

जीपमधून अध्यक्ष उतरले, दादा उतरला आणि एक पुण्याचे वयस्क गृहस्थ उतरले. ते पुढाऱ्यांचं चरित्र लिहीत होते. ते येणार हे दादाला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. दादा हल्ली मळ्यात कमी आणि समितीत जास्त असायचा, त्यामुळे आमचं त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याचं आम्हाला. तिघं माजघराच्या दाराशी आले. चरित्रकारांनी महालक्ष्म्या पाहिल्या आणि हात जोडले. अध्यक्षांच्याही घरी त्या दिवशी महालक्ष्म्या होत्या, त्यांच्या बंडीला कुंकू लागलेलं मला दिसत होतं. त्यांचेही हात आपोआप अर्धे वर गेले आणि तिथंच थांबले.

चरित्रकारांनी विचारलं, "वा. हे त्या काळीही याच जागी असायचं का? म्हणजे ते इथं राहत असताना?"

प्रश्न दादाला होता. सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. वहिनी उठून उभी राहिली होती, तिनंही पाहिलं. त्या एका क्षणात सगळं दादाच्या हातात होतं. हो म्हणायचं, याच जागी होत्या आणि याच लुगड्यामागे तो माणूस बसला होता, एवढंच सांगायचं. चरित्रकारांनी वही काढली असती, अध्यक्षांनी मान डोलावली असती, आणि महालक्ष्म्या दोन दिवस कशाला, जन्मभर त्या जागी राहिल्या असत्या, राष्ट्रीय वास्तूचा भाग म्हणून. पण मग भिंत गेली असती, शिडी गेली असती.

दादा चार लोकांत बोलतो ती मराठी बोलला. "नाही जी. नेते असले विधी मानत नसत. हे आमच्या बायकांचं आपलं काहीतरी."

मी पुढे झालो. मी म्हटलं, तो हवालदार, ती घंटी. दादा माझ्याकडे न वळता म्हणाला, "तू होतास का तिथं?" मी नव्हतो. आई वारली होती. पुढारी वारले होते. त्या दुपारचं जिवंत माणूस आता तो होता आणि वहिनी होती, आणि वहिनीला कोणी विचारलं नव्हतं.

अध्यक्षांनी सौम्यपणे सांगितलं की झालं ते झालं, आता हे उचला. वहिनी म्हणाली, "उद्या जेवन होऊ द्या. उपाशी नका काढू त्याईले. जेवन झालं का मीच नेईन." तिनं पदर पसरला नव्हता, पण आवाज पसरलेलाच होता. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. त्यांना घरी जायचं होतं, त्यांच्या घरच्या महालक्ष्म्या खोळंबल्या असतील. ते म्हणाले की नियम त्यांनी केलेला नाही. चौकीदाराला खूण केली, तर चौकीदार म्हणाला, मी हात लावणार नाही, नोकरी घ्या. बायकांनी तोंडं फिरवली. कोणीच हलेना तेव्हा वहिनीच पुढे झाली. आधी ज्येष्ठेचा मुखवटा काढला, मग कनिष्ठेचा. त्यांच्या कानाशी लागून काही पुटपुटली. विचारलं असेल असं मला वाटलं होतं, पण नंतर ती म्हणाली की नाही, उपाशी बाईला कोणत्या तोंडानं विचारायचं, माफी मागितली. समयी तिनं विझवली नाही, हातात धरून निघाली. वारं होतं, ज्योत ओट्यापर्यंतही टिकली नाही.

पुण्याचे गृहस्थ चांगले होते. काहीतरी वाईट घडलं आहे एवढं त्यांना कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. ओट्यावर त्यांनी वहिनीला थांबवलं आणि फार आदरानं विचारलं की, बाई, तुम्ही तर त्या वेळी याच घरात होतात, त्यांची एखादी आठवण सांगाल का? दादा मध्येच हसून म्हणाला, ती काय सांगणार, ती चुलीपाशी असायची. वहिनी काखेत दोन मुखवटे घेऊन उभी होती. तिनं आधी चरित्रकारांकडे पाहिलं, मग दादाकडे. आणि ती बोलली.

ती काय बोलली ते सांगतो, आधी बाकीचं संपवू द्या. महालक्ष्म्या त्यानंतर कुठंच उभ्या राहिल्या नाहीत. मुखवटे शेडमध्ये पेटीत आहेत, आणि त्या पेटीवर वहिनी काही ठेवत नाही, बसत नाही. भादव्यात गावात घरोघरी करंज्या तळतात आणि ती कांद्याचं रोप लावायला वाकलेली असते. शेजारीण दर वर्षी तिला जेवायला बोलावते, ती जात नाही. कुंकवाची पावलं पुसायला चौकीदाराला सांगितलं होतं. त्यानं पाणी नाही म्हणून टाळलं, मग पाऊस आहे म्हणून टाळलं, आणि शेवटी ती पाहुण्यांच्याच पायांनी गेली. चरित्र छापून आलं. मी विकत घेतलं. आमच्या घराचं एक पान आहे. त्यात वेढा आहे, भिंत आहे, उडी आहे, शिडी आहे. भिंतीचा फोटोसुद्धा आहे. पलंग पुन्हा जागेवर गेला. दादा मात्र पहिल्या रांगेत बसेनासा झाला. खुर्ची ठेवतात, तो मागे उभा राहतो, कारण तो पुढे बसला की मागून कोणी तरी हसतं. दोघं एकाच टिनाखाली राहतात. ती त्याला वेळेवर वाढते. बोलताना मी तरी ऐकलेलं नाही.

तर ओट्यावर सगळे होते. अध्यक्ष, चौकीदार, बायका, फाटकापाशी जीप पाहायला जमलेलं अर्धं गाव. चरित्रकारांनी पेन उघडलं होतं. वहिनीनं आवाज चढवला नाही. इथं काय हाय, इथं काय हाय, याला उत्तरं देत होती ना, त्याच आवाजात म्हणाली:

"हाव, हाय नं याद. हवालदार दारात उभा राह्यला तवा त्याईले आली शिंक, अन् ह्याईले मूत."